नळ बसवणारे हात आपले, दुकान कोणाचे?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर दहा वर्षे कोर्टकचेरी चालली आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ही हकीकत आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगते. पाण्यासाठी ज्या समाजाने डोकी फोडून घेतली, त्या समाजाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही.

आता पाणी तळ्यावरून नळात आले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने जल जीवन मिशन जाहीर केले, तेव्हा सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील सव्वातीन कोटींच्या आसपास ग्रामीण घरांत नळ होता. पुढच्या पाच वर्षांत हा आकडा पंधरा कोटींच्या वर गेला. शहरात इमारतींवर इमारती उभ्या राहत आहेत. प्रत्येक नळामागे पाईप आहे, एल्बो आहे, टी आहे, कॉक आहे, टेफ्लॉनची टेप आहे. ह्यातली प्रत्येक वस्तू कोणीतरी कारखान्यातून घेतली, गोदामात ठेवली, दुकानदाराला विकली आणि तिच्यावर चार पैसे मिळवले.

हा नळ भिंतीत बसवतो कोण? आपल्या वस्त्यांतून एक फेरी मारा. आयटीआयमधून नळ कारागीर किंवा जोडारी होऊन आलेली, नाहीतर कोणा उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकलेली पोरे गल्लोगल्ली भेटतील. पाईपची मोळी खांद्यावर वाहणारे आपले, आटे पाडणारे आपले, काउंटरवर उभे राहून माल काढून देणारेही आपले. मात्र पाटीवर नाव आपले नाही. असे का, आणि हे बदलायचे तर काय करावे लागेल, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहोत.

माल येतो कुठून, जातो कुठे

मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरले की नागदेवी स्ट्रीट, अब्दुल रहमान स्ट्रीट, नारायण धुरू स्ट्रीट ह्या गल्ल्या लागतात. वाल्व, पाईप फिटिंग, पाने, बोल्ट-नट, कडी-कोयंडे, बिजागऱ्या ह्यांचा हा घाऊक बाजार. जवळच कीका स्ट्रीटला तांबे-पितळ आणि स्टील, लोहार चाळीत विजेचे सामान. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि नागपुरात इतवारीची लोहा ओळी ह्याच जातीच्या पेठा. जड लोखंडाचा बाजार मुंबईच्या कर्नाक बंदरातून कळंबोलीला गेला, पण फिटिंगचा किरकोळ-घाऊक धंदा अजून जुन्या गल्ल्यांत टिकून आहे.

माल मात्र देशभरातून येतो. पितळेचे सुटे भाग जामनगरचे, कुलपे अलीगढची, वाल्व आणि हत्यारे जालंधरची. प्लास्टिकच्या पाईपांसाठी आपल्याच जळगाव भागाचे नाव आहे. कारखाना आपला माल वितरकाला देतो, वितरक घाऊक विक्रेत्याला किंवा थेट गावोगावच्या हार्डवेअर दुकानदाराला देतो, दुकानदार प्लंबरला किंवा घरमालकाला देतो. ह्या साखळीत मधल्या कडीचे काम काय, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपे आहे. कारखान्याला ट्रकभर माल एकदम विकायचा असतो आणि दुकानदाराला चार एल्बो आजच हवे असतात. ह्या दोघांमधला वेळ, जागा आणि उधारी सांभाळणे, हाच वितरकाचा धंदा.

हे सांभाळणे सोपे नाही. नुसत्या एल्बोचा हिशेब पाहा. अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंत सहा मापे. जीआय, यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी असे तीन प्रकार. म्हणजे एका एल्बोचे अठरा डबे झाले. त्यात पितळी आट्यांचा एल्बो वेगळा, रिड्यूसर एल्बो वेगळा. असेच टी, सॉकेट, युनियन, निप्पल, बेंड. ह्यातला एक डबा रिकामा असला तर गिऱ्हाईक सगळी यादी घेऊन शेजारच्या दुकानात जाते. आणि जो डबा दोन वर्षे हलत नाही, त्यात अडकलेला पैसा मेला असे समजायचे.

पाईपची आणखी एक गंमत आहे. तो आतून पोकळ. टेम्पो भरतो, पण वजन होत नाही. म्हणजे भाडे हवेचे द्यावे लागते. शिवाय प्लास्टिकच्या पाईपचा भाव कच्च्या मालावर चालतो, आणि देशाला लागणाऱ्या पीव्हीसीचा मोठा भाग परदेशातून येतो. तिकडे भाव पडला की इकडे गोदामात ठेवलेला माल रातोरात स्वस्त होतो. चढत्या भावात साठा करणारा कमावतो, आणि तोच साठा उतरत्या भावात गळ्यात येतो.

नफा मालात नाही, फिरण्यात आहे

आपल्या लोकांचा एक समज आहे की व्यापारी एका वस्तूवर दुप्पट काढतो. घाऊक धंद्यात असे चालत नाही. आपण एक हिशेब मांडू. समजा, एखाद्याने दहा लाख रुपये मालात घातले आणि त्याला शेकडा पाच सुटतात. दिलेल्या मालाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत परत आले, तर तेच दहा लाख वर्षात आठ वेळा फिरतात. आठ वेळा पन्नास हजार, म्हणजे चार लाख. आता पैसे नव्वद दिवसांनी आले, तर रक्कम चारच वेळा फिरते आणि हाती दोन लाख येतात. ते दहा लाख बँकेचे असतील आणि व्याज शेकडा बारा असेल, तर एक लाख वीस हजार व्याजातच जातात. उरलेल्या ऐंशी हजारांत गाळ्याचे भाडे, हमाली, टेम्पो, वीज आणि घर. माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त पैसे उशिरा आले, आणि धंदा बसला.

आणखी एक हिशेब मनात कोरून ठेवावा. एखाद्या पार्टीने एक लाख रुपये बुडवले, तर शेकडा पाचच्या धंद्यात तो खड्डा भरायला वीस लाखांचा माल विकावा लागतो. म्हणून जुना व्यापारी गोड बोलतो, चहा पाजतो, पण वायद्याच्या दिवशी माणूस धाडतोच. ह्याला आपण कंजूषपणा म्हणतो. ती त्याची श्वास घेण्याची रीत आहे.

बाबासाहेबांचीही पेढी बंद पडली

मग आपण ह्या धंद्यात का नाही? पैसा नाही, हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे पत नाही.

१९१७ साली परदेशातून परतल्यानंतर आणि १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. सल्ला अचूक, गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. ज्ञान होते, मेहनत होती, गरजही होती. विश्वास ठेवायला बाजार तयार नव्हता. बाजारात जात दिसत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

आता नागदेवीच्या दुकानदारांकडे पाहा. ह्या बाजारात दाऊदी बोहरी, कच्छी, गुजराती, मारवाडी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा मुलगा आधी काकाच्या दुकानात झाडू मारतो, मग चिठ्ठ्या लिहितो, मग उगाही करतो, आणि सहा-आठ वर्षांनी वेगळे दुकान टाकतो. तेव्हा पहिला माल काका उधारीवर देतो, दुसरा माल काकाच्या शब्दावर दुसरा व्यापारी देतो. बोहरी समाजात कर्जे हसना म्हणून बिनव्याजी कर्जाची रीतच आहे. आम्ही हे हेव्याने सांगत नाही. बँकेच्या आधी समाज उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या माहितीतला मार्ग वेगळा होता. रेल्वेचे कारखाने, गोदी, गिरणी, म्युनिसिपालिटी. महिन्याच्या महिन्याला पगार, सोसायटीचे कर्ज, निवृत्तीनंतर फंड. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या, पुढे सरकारी भरती आटली. डोक्यावरून ओझे वाहणाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ, मजुरी आणि फंड मिळवून दिला, तो आजही मोठा आधार आहे. पण बापाने माथाडी म्हणून ज्या गल्लीत पाईप वाहिले, तिथे मुलाने दुकान टाकावे, ही पायरी अजून थोड्याच घरांनी चढली आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण देतो. नाव देत नाही, कारण त्यांची तशी इच्छा आहे. मुलगा अकरा वर्षे एका घाऊक दुकानात काउंटरवर होता. डोळे मिटून फिटिंगचे माप सांगणारा. शेठ माणूस बरा, पगार वेळेवर. पण हा स्वतःचे दुकान पाहू लागला तेव्हा एका गाळामालकाने भाडे ठरवले, हात मिळवला आणि मग गाव विचारले, आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी गाळा दुसऱ्याला दिला होता. कंपनीची एजन्सी मागितली तर अनामत रक्कम, गोदाम आणि बँकेची हमी पाहिजे. शेवटी उपनगरात एका चाळीच्या तोंडाशी लहान दुकान मिळाले आणि जुन्या शेठनेच पंधरा दिवसांच्या उधारीवर पहिला माल दिला.

दुकान चालू लागले आणि खरी परीक्षा सुरू झाली. ती बाहेरच्यांनी घेतली नाही, आपल्याच लोकांनी घेतली. "जय भीम! आपल्याच माणसाचे दुकान," असे म्हणत लोक आले. आनंदाने आले, पण उधारी घेऊन गेले. जयंती कमिटीतला एक ठेकेदार दोन बाथरूमचे सामान घेऊन गेला आणि चार महिने फिरकला नाही. मागायला गेले तर उत्तर मिळाले, "समाजाच्या माणसाकडे तगादा लावतोस?" हेच ठेकेदार पलीकडच्या दुकानात मात्र रोख मोजत होते.

त्या वेळी दुकान वाचवले ते त्याच्या पत्नीने. बारावी शिकलेली ही बाई रोज रात्री जेवणानंतर उधारीची वही घेऊन बसू लागली. कोणाचे किती, कोणत्या तारखेचे, कोणाचा वायदा उद्या. सकाळी नवऱ्याने दुकान उघडायचे आणि हिने फोन करायचे. तिने एक नियम घातला. मागचे फिटल्याशिवाय पुढचे नाही, मग तो सख्खा दीर असो की कमिटीचा अध्यक्ष. पहिले वर्षभर नातेवाइकांत बोलणी बसली. एका लग्नात तिच्याशी कोणी बोलले नाही. आज ते दुकान आसपासच्या तीन लहान दुकानांना माल पुरवते. मोठे वितरक झालेले नाहीत. पण महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा चेक वटतो, आणि बाजारात एवढे नाव पुरते.

वाचकहो, ह्या गोष्टीतला कडू घोट आपण गिळला पाहिजे. गाळा नाकारणाऱ्याशी लढायला कायदा आहे, संघटना आहे. पण आपल्या माणसाची उधारी बुडवणाऱ्याशी कोण लढणार? आपल्या दुकानदाराचे पैसे वेळेवर देणे हीदेखील चळवळच आहे.

तथागतांनी सांगितलेला दुकानदार

काही मंडळींना वाटते की धम्म आणि दुकानदारी ह्यांचा संबंध नाही. तसे असते तर तथागतांना पहिले अन्नदान करून शरण जाणारे तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारी नसते, आणि जेतवन विहार देणारा अनाथपिंडिक श्रावस्तीचा श्रेष्ठी नसता. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. नळ आणि पाईप त्यात येत नाहीत. घरोघर पाणी पोहोचवणारा हा धंदा सम्यक आजीविकेत शोभून दिसणारा आहे.

अंगुत्तर निकायात पापणिक, म्हणजे दुकानदार, ह्याच्यावर सुत्ते आहेत. त्यांचा आशय आजच्या कोणत्याही व्यापाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कामात लक्ष घालत नाही, त्याला संपत्ती मिळत नाही. आणि चांगल्या दुकानदाराच्या अंगी तीन गोष्टी असतात. एक, त्याला डोळे असतात. हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला तर एवढे सुटेल, हे तो जाणतो. दोन, खरेदी-विक्रीत तो कुशल असतो. तीन, त्याला आधार असतो. धनवान लोक त्याला ओळखतात, हा कुटुंब पोसून वेळच्या वेळी व्याज देईल अशी त्यांची खात्री असते, आणि ते आपण होऊन भांडवल पुढे करतात. अडीच हजार वर्षांपूर्वी पत म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने सांगितले गेले. आपल्या पोरांना डोळे आहेत, कौशल्य आहे. तिसरी गोष्ट समाजाने द्यायची आहे.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग घरखर्चाला, दोन भाग धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. आपल्याकडे लग्नाच्या एका मांडवात धंद्याचे दोन्ही भाग उडून जातात. ह्यावर प्रत्येक घराने एकदा बसून बोलावे.

कमिशनचा प्रश्न

ह्या धंद्यात एक अवघड जागा आहे, ती टाळून चालणार नाही. प्लंबर ज्या दुकानातून सामान घ्यायला लावतो, तो दुकानदार त्याला कमिशन देतो. काही कंपन्या डब्यात कूपन घालतात. घरमालकाला ह्याचा पत्ता नसतो, आणि बिलात ती रक्कम चढलेली असते. आपल्या पोरांचे म्हणणे असे की मजुरीत भागत नाही. ते खरे आहे. पण न सांगता घेतलेला पैसा दुसऱ्या शीलाला धक्का लावतो. आमचे मत असे की मजुरी पूर्ण मागावी, माल निवडण्याचा मोबदला उघडपणे बिलात लिहावा आणि हलका माल कोणाच्याही भिंतीत घालू नये. कंपनीची योजना असेल तर ती गिऱ्हाईकाला सांगून घ्यावी. भिंतीतला पाईप फुटला की नाव कंपनीचे जात नाही, प्लंबरचे जाते. आणि उद्या दुकान टाकायचे असेल तर हेच नाव भांडवल आहे.

करायचे काय

घाऊक धंद्यात एकदम उडी नको. आधी चांगल्या दुकानात तीन-चार वर्षे काम करावे, माल, भाव आणि पार्ट्या ओळखाव्यात. मग लहान दुकान, मग एखाद्या जोडवस्तूची उपएजन्सी, मग वितरण.

पक्क्या बिलाची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. महाराष्ट्रात वर्षाला चाळीस लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण ज्याला दुकानदारांना माल पुरवायचा आहे त्याने नोंदणी करावीच, कारण नोंदणीकृत दुकानदाराला भरलेल्या कराची वजावट पक्क्या बिलावरच मिळते. कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणाऱ्याला बँकही कर्ज देत नाही.

सरकारी योजनांची नावे नीट माहीत असावीत. २०१५ च्या मुद्रा योजनेत बिनतारण कर्ज मिळते, त्यातील शिशु गटाची मर्यादा पन्नास हजार आहे. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली स्टँड-अप इंडिया योजना अनुसूचित जाती-जमाती व महिलांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जासाठी होती आणि तीत व्यापारही बसत होता. तिची मुदत मार्च २०२५ पर्यंत होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन कोटींपर्यंतच्या मुदतकर्जाची नवी योजना जाहीर झाली. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांसाठी २०१२ च्या धोरणाने चार टक्के वाटा ठेवला. पण तो उत्पादन व सेवा करणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्यांसाठी नाही. हे माहीत नसल्याने अनेकांचे अर्ज वाया जातात. आज कोणती योजना खुली आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, दलालाला विचारू नये. दलित उद्योजकांची संघटना डिक्की २००५ साली पुण्यात स्थापन झाली. तिच्याकडूनही मार्गदर्शन घ्यावे.

आणि समाजाने? आपल्या पतपेढ्या, बचत गट, विहार कमिट्या दरवर्षी जयंतीला वर्गणी काढतात. त्याच मंडळींनी वस्तीतल्या एका, फक्त एका, कसलेल्या पोराला बाजारात जामीन राहावे आणि त्याची वही दर महिन्याला तपासावी. विहाराचे, शाळेचे, आपल्या घराचे नळकाम निघाले की त्याच्याकडून भाव मागवावा. भाव आणि माल योग्य असेल तर घ्यावा, आणि पैसे त्याच आठवड्यात द्यावेत.

माता-भगिनींसाठी चार गोष्टी

घरात नळकाम निघाले तर पाईपवर छापलेले वाचा. भारतीय मानकाची आयएसआय खूण आणि परवाना क्रमांक असावा. तो क्रमांक मोबाइलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. लोखंडी जीआय पाईपवर पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम आणि लाल जड प्रतीचा.

गीझरच्या गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी पाईप चालत नाही, तो मऊ पडतो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी घ्या. विजेच्या गीझरला अर्थिंग हवेच.

गॅसचा गीझर बंद मोरीत कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि आंघोळ करणारे माणूस बेशुद्ध पडून दगावते. असे मृत्यू दर हिवाळ्यात होतात. गीझर मोरीबाहेर, वारा खेळेल अशा जागी हवा.

सामानाचे पक्के बिल मागा आणि जपून ठेवा.

महाडला आपण पाणी पिण्याचा हक्क घेतला. आता ते पाणी घरोघर नेणाऱ्या धंद्यातला आपला वाटा घ्यायचा आहे. त्यासाठी मोर्चा लागणार नाही. लागेल ती कसलेल्या हाताला पत, घरातल्या बाईच्या हाती हिशेबाची वही, आणि वायद्याच्या दिवशी चुकते होणारे पैसे.

जय भीम!